नाचणीचं गाव

सातवीत शाळा सुटली तेव्हापासून रिकामा रकाना दिसला की मी कागद दुसऱ्या कुणाकडे सरकवते. त्यामुळे बुलढाण्याकडच्या धाड गावातल्या आमच्या महिला गटाने बियाण्यांची विकी सुरू केली, तेव्हा मी मागेमागेच राहिले. विकी म्हणजे मोबाइलवर उघडणारी पानं. गटातल्या कुणीही लिहावीत, कुणीही दुरुस्त करावीत. गटाच्या ताई म्हणाल्या, "भेतं काऊन वं? साचा तयार हाय. रकाने भर, पान आपोआप बनते."

मला नाचणीचं पान करायचं होतं. लग्न होऊन कोकणातून इतक्या लांब आले तेव्हा आईने पुरचुंडीत बांधून दिलेली नाचणी. तेव्हापासून ती डब्यातच होती. गटाने ठरवलं होतं, ज्याचं पान असेल तेच बियाणं यंदा गटाच्या वाफ्यात पेरायचं. आणखी एक वर्ष डब्यात राहिली तर उगवेल का, याचा मला घोर लागलेला.

नाव लिहिलं, जमीन लिहिली. मग आलं 'बियाण्याचं गाव'. तिथे टाइप होईना, यादीतूनच निवडायचं. यादीत सगळी आसपासची गावं, फार तर मेहकरपर्यंतची. माझं माहेर त्यात कुठून असणार? रकाना सोडला तर पान जतन होईना. ताईंना विचारावं, तर साचा बिघडवलास म्हणतील अशी भीती. शेवटी, सासर तरी आपलंच ना, म्हणत 'धाड' निवडलं आणि पुरचुंडी गटात जमा केली.

पण तो साचा असा की नाचणी आपोआप धाड गावाच्या पानावर, तिथल्या जुन्या बियाण्यांत जाऊन बसली. पुढच्या बैठकीत एकीने मोबाइल वर धरला.

"काऊन वं, आपल्या धाडात नाचणी कोणाच्या सासऱ्यानं पेरली?"

"माह्या तं नाही बाप्पा! त्याले कपाशीच होत नव्हती."

सगळ्या हसल्या. मला वाटलं, आता पान पुसणार, पुरचुंडी परत देणार. कसंबसं म्हणाले, "माझी आहे ती. माझं गाव यादीत नव्हतं."

"मंग सांगाचं नं बाई!" ताई म्हणाल्या. "यादी का देवानं लिवली?"

त्यांनी साचा उघडला, मला विचारून माझ्या गावाचं नाव घातलं. नाचणीच्या पानावर ते उमटलं, पण लाल अक्षरात.

"लाल म्हणजे त्या गावाचं पान अजून नाही. दाब, फॉर्म येते."

दाबलं. पुन्हा रिकामे रकाने. पहिलाच तालुक्याचा, आणि यादीत सगळे बुलढाण्याचेच तालुके. मी ताईंकडे पाहिलं.

"थांब, हेबी जोडू," त्या म्हणाल्या. त्यांचे उपकार कसे फेडू, मला कळत नाही.

नाचणी वाफ्यात पडली आहे. सकाळी उठले की आधी तिकडे जाते, वाकून बघते; अजून कोंब दिसत नाही. आई फोनवर विचारते, "उगवली काय गो?"

"पान झालं," मी सांगते.