अंगठ्यावरचा रंग

भित्री म्हणून ती लहानपणापासून प्रसिद्ध होती. रिकाम्या खोलीत शिरतानाही दार ठोठावायची. आईच्या जागी चर्चची झाडलोट तिच्याकडे आली, आणि त्या जागेबरोबर आणखी एक काम आलं, जे चर्चमधल्या कुणी सांगितलेलं नव्हतं आणि त्या दोघींशिवाय कुणाला ठाऊकही नव्हतं.

क्रूसावरची लाकडी मूर्ती माणसाएवढी होती. गोरी, निळ्या डोळ्यांची, सोनेरी दाढीची. पाय छातीच्या उंचीवर यायचे. प्रार्थना संपली की लोक रांगेनं येऊन उजव्या अंगठ्याला ओठ लावायचे. आधी पुढच्या बाकांवरचे गोरे, मग मागच्या बाकांवरचे काळे. असा नियम कुणी केलेला नव्हता. पावलं आपोआप तशी पडायची. एवढ्या ओठांनी अंगठ्याचा रंग झिजायचा. म्हणून दर सोमवारी दुपारी, चिटपाखरूही नसताना, ती बादलीखाली लपवलेली डबी काढायची आणि बारीक कुंचल्यानं अंगठा पुन्हा गोरा करायची.

आईनं पहिल्याच दिवशी तिला तो अंगठा जवळून दाखवला होता. गोऱ्या रंगाखाली लाकूड नव्हतं, दुसरा रंग होता. गडद तपकिरी, तिच्या मनगटासारखा. आणि नखाच्या मुळाशी कुणीतरी जीव ओतून काढलेली फिकट कोर.

"ज्यानं घडवला, त्यानं आपल्यासारखा घडवला होता," आई कुजबुजली होती. "हा वरचा रंग मागाहून चढलाय. पण तोंडातून ब्र काढू नकोस. आपल्याला दारातसुद्धा उभं करणार नाहीत."

तेव्हापासून बावीस वर्षं तिनं ब्र काढला नाही. मूर्तीच्या तोंडाकडे पाहून तिला कधी प्रार्थना जमली नाही. ते तोंड तिनं फार ठिकाणी पाहिलं होतं, दुकानाच्या गल्ल्यामागे, कचेरीच्या खिडकीआड. ते दिसलं की आपलं काहीतरी चुकलंय असंच वाटायचं. ती आपली अंगठ्याशी बोलायची. गाऱ्हाणी सांगून झाली की त्याच अंगठ्यावर रंग फासायची. मग रात्रभर विचार करायची. त्याला कळत असेल का? कळत असेल तर तो काय म्हणत असेल?

त्या वर्षी तिला ताप आला आणि तीन सोमवार चुकले.

चौथ्या आठवड्यात ती कामावर परतली तेव्हा दाराशी चिठ्ठी लागली होती. मागच्या बाकांवरच्यांनी यापुढे लांबूनच हात जोडावेत, मूर्तीला डाग पडतो आहे. खाली चर्च समितीच्या अध्यक्षांची सही. हे अध्यक्ष औषधांच्या दुकानाचे मालक. शांत बोलायचे, म्हणून जास्तच भीती वाटायची.

"बाई, काळजी करू नका," ते तिला म्हणाले. "तुमचा दोष नाही. ओठांचा कळकटपणा आहे. रविवारी सगळ्यांसमोर पुसून घेऊ, म्हणजे कुणाला राग नको. स्पिरिट मी आणतो."

ती तडक थोरल्या बहिणीकडे गेली. अक्का गेली तीन वर्षं, मुलगा परागंदा झाल्यापासून, एकही रविवार न चुकवता त्या अंगठ्यापाशी यायची.

"आमच्या ओठांचा रंग लागतो म्हणे!" अक्का उसळली. "तसा लागत असता तर तुझ्या भावोजींचा चहाचा कप कधीच काळा झाला असता."

मग धाकटीनं दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. अक्काचं बोट नकळत ओठांवर गेलं.

"म्हणजे बावीस वर्षं मी तुझ्या रंगाचे मुके घेतेय?"

"अक्का, हळू बोल गं."

"आणि तीन रविवार त्याचे. म्हणून तो अंगठा या वेळी ओठांना गार नाही लागला." अक्कानं डोळे पुसले. "आता काय करणारेस?"

"वरवर पुसेन. सोमवारी पुन्हा रंगवेन. विषय मिटला."

"विषय मिटला! म्हणजे डाग आमचाच ठरला. मी लांबून हात जोडायचे. जन्मभर." अक्का उठून चुलीपाशी गेली. "तू भित्री आहेस, माहीत आहे मला. जा घरी."

रविवारी प्रार्थनेनंतर कुणीच उठलं नाही. अध्यक्षांनी बाटली आणि कापसाचा बोळा तिच्या हातात दिला. चर्चभर दवाखान्याचा वास पसरला. आधारासाठी तिनं मूर्तीची टाच धरली. बोळा हलकाच फिरवायचा, एवढंच तिच्या मनात होतं. पण हात थरथरत होता आणि थरथरणाऱ्या हाताला हलकं काही जमत नाही. बोळा गोरा झाला. अंगठा काळा झाला. शेजारचं बोटही.

"नीट पुसा," अध्यक्ष म्हणाले. "डाग पसरतोय."

तिनं नीट पुसलं. जुना रंग सायीसारखा सुटत होता. पाचही बोटं, पाचही नखं, पाच फिकट कोरी. मग पाऊल, मग घोटा. पुढच्या बाकावर कुणाच्या तरी हातून पुस्तक पडलं.

"पुरे," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज तिनं असा कधी ऐकला नव्हता. तो तिच्या आवाजासारखा भेदरलेला येत होता.

ती वळली. काम देणाऱ्या माणसाला विचारायला हवं म्हणून तिनं विचारलं, "साहेब, हा मळ असेल तर त्याला नखं कुणी काढली? आणि... मी गुडघ्यापर्यंतच पुसू, की तोंडापर्यंत?"

शेवटच्या बाकावरून चपला वाजल्या. अक्का रांग न बघता सरळ पुढे येत होती.

अध्यक्षांनी बाटलीसाठी हात पुढे केला. तिला दरदरून घाम फुटला होता, बाटली बोटांतून निसटत होती. तरी तिनं ती दिली नाही.