कंपनीतला डबा

इंग्रजी शब्दांची मुळं खणायची खोड मला मास्तरकीने लावली. आता तिचाही कंटाळा आलाय. मूळ सापडल्याने कुणाचं भलं झालेलं मी काही पाहिलं नाही. ‘कंपनी’ हा शब्द आला की मी तर पानच उलटतो.

साठच्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाने येऊ लागले. आमच्या गावाने त्यांची नावं लक्षात ठेवायची तसदी घेतली नाही. सगळ्यांना एकच शब्द, कंपनी. अर्धं आयुष्य मिठागरात काढलेला माझा बाबाही कंपनीत लागला. मिठाने त्याचे पाय सोलवटायचे थांबले म्हणून आईला कोण आनंद झाला!

मिठागरातली रीत अशी, की दुपारी सगळ्यांनी बांधावर गोल करून बसायचं, भाकऱ्या आणि सुकट मधे ठेवायची, आणि शेवटचा गडी येऊन टेकेपर्यंत कुणी घास मोडायचा नाही. घरीही आई ताटावर बसेपर्यंत बाबा थांबायचा, आणि कंपनीतही तो तसाच बसला. तिथे मशीन थांबवत नसत, माणसांनाच पाळीपाळीने जेवायला सोडत. हा आपला डबा पुढ्यात घेऊन बाकीच्यांची वाट बघायचा. भोंगा वाजला की उपाशी उठायचा.

“आजपन जेवले नाय तुमी?” आई भरलेला डबा उघडून विचारायची.

“सगले आलेच नाय. एकल्याला घास उतरत नाय.”

बाबा वाळत चालला. एकदा मशीनपाशी चक्कर येऊन पडला, तेव्हा मुकादमाने बजावलं, पुन्हा पडलास तर घरी बस. मिठागर तोवर बंद झालं होतं. आई हबकली, मीही घाबरलो.

मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो, मग घरातही मास्तरकी करायला गेलो. शाळेतली जाड डिक्शनरी पाहून आलो आणि बाबाला सांगितलं, की कंपनी हा मुळात लॅटिनमधला शब्द, एकत्र पाव खाणारे असा त्याचा अर्थ. पुढे सोबतीला कंपनी म्हणू लागले, पलटणीतल्या तुकडीला म्हणू लागले, मग एकत्र व्यापार करणाऱ्यांनाही. थोडक्यात, तू चुकत नाहीस. त्याला बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

“मंग सायबाला ठाव नाय काय?” बाबाने विचारलं.

“ठाऊक असेलही. पण मशीन थांबत नाही ना बाबा.”

पुढच्या आठवड्यात डबा रिकामा आला. आई इतकी हरखली, की तिने संध्याकाळी कोलंबीचं कालवण केलं. बाबाला आधी वाढून ती चुलीवरची भाकरी उलटायला वळली. मी हात धुऊन आलो, तर बाबाचं ताट संपत आलं होतं. खाली मान घालून तो भराभर जेवत होता. आई गरम भाकरी हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिली.

“बसा आता तुमी,” तो म्हणाला, आणि उठला.