दाढीचा ब्रश

उज्जैनचे आमचे घरमालक आमच्याकडे दाढीचा ब्रश घेऊनच यायचे. संस्थानी काळात त्या घरात कार्बाइडच्या गॅसवर दिवे लागत. पुढं संस्थान विलीन झालं, वीज आली, पण भिंतीतले पाइप तसेच राहिले. मालक पाइपांच्या तोंडांना साबणाचा फेस लावून गळत्या गॅसनं तो फुगतो का, ते बघत बसायचे.

"गॅसची टाकी तर केव्हाच भंगारात गेली ना?" मी म्हणायचो.

"गेली. पण गॅसचा काय भरोसा, मास्तर?"

माझ्या बायकोला दिवस गेल्याचं कळल्यावर त्यांनी मिस्त्री आणून सगळे पाइप काढवले, भोकं बुजवली.

बारशाला ते आले तेव्हाही हातात ब्रश होताच. पाळण्यामागच्या बुजवलेल्या भोकाला त्यांनी फेस लावला. बायका पाळण्याची दोरी धरून खोळंबल्या. फेस फुगला नाही.

"हां, आता ठेवा नाव," ते म्हणाले.