‘आपण’ म्हणजे नक्की कोण?

माझे वडील गेले आणि एकाएकी सगळ्यांचे झाले.

परवापासून एक पोस्ट फिरतेय. “आपण एक थोर मराठी तर्कशास्त्रज्ञ गमावला.” खाली हात जोडलेल्यांची रांग.

आपण?

अप्पांनी तंजावूरच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं. राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर; मी आणि मोठा भाऊ, अण्णा, तिथेच वाढलो. घरात मराठी, दारात तमिळ, कॉलेजात इंग्रजी. (मला हे असं लिहिता येतं कारण पुण्यात नोकरी केली. घरचं मराठी वेगळं.)

त्यांचं सगळं काम एका शब्दाभोवती होतं. इंग्रजीतला ‘वी’.

आपल्याकडे ‘आपण’ आहे आणि ‘आम्ही’ आहे. तमिळमध्येही आहे, ‘नाम्ब’ आणि ‘नांग’. एकात ऐकणारा धरलेला, दुसऱ्यात वगळलेला. इंग्रजीला हा फरकच दिसत नाही.

अप्पांचं म्हणणं एवढंच की “आपण जेवलो” हे वाक्य पंगतीतल्या माणसाकडे बघून खरं असतं, आणि मान वळवून दारातल्या उपाशी माणसाला सांगितलं की खोटं होतं. शब्द तेच, बोलणारा तोच. मग वाक्य कोणाला सांगितलं, हे तर्कशास्त्राने का विचारू नये?

परदेशी जर्नलवाले “interesting regional usage” म्हणून पेपर परत पाठवायचे.

कॉलेजने नंतर लॉजिकचा पेपरच बंद केला आणि अप्पांना सॉफ्ट स्किल्स दिलं. स्टाफरूममध्ये त्यांना विचारायचे, “सार, उंग ऊर महाराष्ट्रा-वा?” तुमचं गाव महाराष्ट्रात का? ज्या गावात त्यांच्या खापरपणजोबांचाही जन्म झाला, त्या गावात बसून.

लहानपणी मी इंग्रजी शाळेतली. एकदा म्हटलं, “अप्पा, आम्ही देवळाला जाऊया.”

ते कापी पीत बसले होते. हलले नाहीत.

“जाऊन या.”

“तुम्ही?”

“आम्ही म्हणून सांगितलीस की, कण्णा. त्यांत मी नाही.”

मी रडायला लागले तेव्हा उठून चप्पल घातली. पण आधी ‘आपण’ म्हणायला लावलं.

मग ते एकदा महाराष्ट्रात सेमिनारला गेले. मी सोबत होते. आयुष्यात पहिल्यांदा मराठीत पेपर वाचणार म्हणून आदल्या दिवशी वेष्टीला, म्हणजे धोतराला, स्वतः इस्त्री केली.

दोन वाक्यांत हॉल हसायला लागला. त्यांच्या हेलाला.

अध्यक्ष माइक ओढून म्हणाले, “सर, फार गोड आहे हो. पण आम्ही मराठी माणसं असं बोलत नाही. तुम्ही इंग्रजीतच वाचा ना.”

अप्पांनी इंग्रजीत वाचलं. त्या भाषेत, ज्यात त्यांचा मुद्दा मांडताच येत नव्हता.

परतीच्या ट्रेनमध्ये मी संतापले होते. ते म्हणाले, “शब्द बरोबर वापरला त्यांनी. आम्ही मराठी माणसं. मला वगळायचं होतं, वगळलं. व्याकरण चोख.”

आणि हसले. ते हसणं मला अजून सहन होत नाही.

त्यानंतर त्यांनी मराठीत काही लिहिलं नाही.

परवाची पोस्ट त्याच अध्यक्षांची आहे.

साहेब, तेव्हा ‘आम्ही’ होतं. ‘आपण’ कधी झालं? माणूस उत्तर द्यायला उरला नाही तेव्हा?

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये एक ड्यूटी डॉक्टर होती, नुकतीच पास झालेली. तिला लॉजिक-बिजिक काही ठाऊक नव्हतं. अप्पांचा हात धरून म्हणाली, “भयप्पडादींग सार. नाम्ब पात्तुक्कलाम.” घाबरू नका सर, आपण बघून घेऊ.

ती गेल्यावर अप्पांनी मास्क बाजूला केला.

“ऐकलीस? नाम्ब म्हणाली. मला पण धरली त्यांत.”

दिवसभर खूश होते. उभ्या आयुष्यात कॉलेजने नाही, सेमिनारने नाही, एका दमलेल्या मुलीने त्यांना ‘आपण’ म्हटलं.

साहेब, तुमच्या पोस्टखाली मी एकच शब्द लिहिला होता. “आपण?” तुम्ही तो डिलीट केलात. बरं केलंत, पुन्हा वगळलंत. तुम्हाला ते जमतं.

अप्पा, काल अण्णा आणि मी कावेरीत तुमच्या अस्थी सोडल्या.

आम्ही घरी आलो.

या वेळी शब्द बरोबर आहे, अप्पा. दुरुस्त करू नका.

जाऊन या.