बाजाराच्या वाराचं पाणी

परवा गावातल्या महिला मंडळाच्या दोघीजणी माझ्याकडे आल्या. मंडळ काढून वर्ष झालं नाही तोच आत कुरबुरी सुरू. हारतुऱ्याला सगळ्या हजर, सतरंजी झटकायला कोणी नाही. "तुमी म्हने पानपोई चालवली होती. आमाले काही सांगा ना," म्हणाल्या. मला हसूच आलं. मी काय कुठल्या कॉलेजात शिकले होते? पण त्यांचं दुखणं ऐकलं आणि म्हटलं, बाई, हे तर तेच आहे. मग चहा ठेवला आणि सांगत बसले.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. आमचं घर बागायतीचं. वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, जे निघेल ते टोपल्यांत भरून शेलूबाजारच्या बाजाराला न्यायचं. बाजाराच्या वाटेवर आमच्या गावचा फाटा आहे, तिथे एक कडुनिंब आणि बाकी सगळं उघडं रान. माझी नणंद माहेरपणाला आली होती. भर उन्हाळ्यात बाजारातून टोपली रिकामी करून परतताना तिला त्या फाट्यावर ऊन लागलं. निंबाखाली बसली ती बसलीच. जवळपास घोटभर पाणी नव्हतं. घरी आणली तोवर सगळं आटोपलं होतं.

पुढच्या उन्हाळ्याला माझ्या सासऱ्यांनी गावातली चार-पाच घरं गोळा केली आणि त्याच निंबाखाली पाणपोई घातली. दोन रांजण, वर तुराट्यांचा मांडव, पाणी आमच्या विहिरीचं. लेकीचं नाव त्यांनी कुठे काढलं नाही. एवढंच म्हणायचे, "बाजाराच्या दिवशी रांजन कोरडा नाई राह्यला पाह्यजे." बाकी दिवशी एक वेळ चाललं, बाजाराच्या दिवशी नाही.

एक उन्हाळा त्यांनी स्वतः कावड वाहून निभावला. त्या हिवाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. माणूस बाजेवर आला. घरधनी मोटेमागे, शेतामागे. स्वभावानं इतका गरीब की गावात कोणाला अरे म्हणायचा नाही. मग पाणपोई माझ्या गळ्यात पडली. सासरे रोज संध्याकाळी बाजेवरून विचारायचे, "सूनबाई, रांजन भरला?" त्यांना दुसरं काही नकोच होतं.

आता त्या चार-पाच घरांतल्या पंचमंडळींचं सांगते. सगळी भली माणसं, कोणी वाईट नाही. पण प्रत्येकाला मांडवात बसून पाणी पाजायचं होतं. तहानलेला ओंजळ धरतो, आपण वरून धार सोडतो, तो डोळे मिटून पितो आणि "देव तुमचं भलं करो" म्हणतो. हे कोणाला नको आहे? पुण्य तिथे हातात पडतं. पण रांजणात पाणी यायचं कुठून? विहिरीपासून फाट्यापर्यंत भर उन्हात कावड नेताना कोणी आशीर्वाद देत नाही, खांदा तेवढा सोलतो. तेव्हा पाणी पाजायचं ओगराळं धरायला चौघे आणि कावड धरायला आमचा सालदार गडी किंवा मी. मी एकदोनदा गोडीनं बोलून पाहिलं. सगळे "हो हो, सूनबाई" म्हणाले आणि पुन्हा जागच्या जागी बसले.

अशात अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया आली. आमच्याकडे अखाजीला वाडवडिलांच्या नावानं घागर भरतात. त्या दिवशी दिलेलं पाणी थेट त्यांना पोचतं म्हणतात. गावानं विचार केला, घरात घागर भरायची तर पाणपोईवर का भरू नये? सकाळपासून बायामाणसांची रीघ लागली. जो तो बापाच्या, आजाच्या नावानं घागर ओततो आहे. रांजण भरले, वाहायला लागले, तरी ओतणं थांबेना. नावाची घागर परत कशी न्यायची? मांडवाखाली हा चिखल झाला. एक बैल त्यात घसरला, त्याच्या धक्क्यानं एक रांजण कलंडून फुटला. सणाचा दिवस म्हणून वाटेला मात्र चिटपाखरू नव्हतं. पिणारं कोणी नाही आणि पाण्याचा पूर.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सगळ्यांचे वाडवडील कालच तृप्त झालेले, आता कोण येतं? सालदार सणाला आपल्या गावी गेला होता. मी घरात सासऱ्यांचं अंथरूण-पांघरूण करून दोन खेपा टाकल्या, त्या सकाळीच संपल्या. दुपारी बाजारातून परतलेली एक माळीण आमच्या ओट्यावर टेकली आणि पाणी पिऊन सासऱ्यांसमोरच म्हणाली, "बाबा, तुमच्या रांजनात आज ठनठनाट हाये."

सासऱ्यांनी तोंड भिंतीकडे केलं. संध्याकाळी भाकर कुस्करून दिली तर मान हलवली. रांजणाचं विचारलंही नाही. मला त्या माणसाची अशी दया आली आणि गावाचा असा संताप आला की काय सांगू.

सकाळी डोक्यावर पदर घेतला आणि मारुतीच्या पारावर पंच बसले होते तिथे जाऊन उभी राहिले. सुनेनं पारावर जायची रीत नव्हती. सगळ्यांत वडील होते त्यांना आम्ही आबाजी म्हणायचो. त्यांना विचारलं, "आबाजी, तुमच्या वाडवडलाईले वर्सातून एकच दिवस तहान लागते काय?"

 कोणीतरी फिस्सकन हसलं, तेव्हा मी पुढे बोलले. म्हटलं, तुमचा बाप ज्या वारी गेला तो वार तुमचा. त्या वारी रांजण तुमच्या घरानं भरायचा. आणि ज्यानं भरला त्यानंच पाजायचं, दुसऱ्यानं ओगराळ्याला हात लावायचा नाही.

परवा महिला मंडळवाल्या दोघींना हेच सांगितलं. लोकांना उपदेश करू नका, ते मुळात काय द्यायला निघाले आहेत ते पाहा. आमच्या लोकांना पुण्य हवं होतं, मी त्यांना पुण्याचाच वार लावून दिला. आपल्या मेलेल्या बापाचा दिवस चुकवायला कोण धजेल? सगळ्यांचं काम म्हटलं की ते कोणाचंच नसतं. सोमवार म्हटला की तो एका घराचा असतो.

पारावरच वार वाटले गेले. कोणाचा आजा सोमवारी गेलेला, कोणाची माय शुक्रवारी. आबाजींचे वडील शनिवारचे. मात्र बाजाराच्या वारी कोणाचंच माणूस गेलेलं निघेना. खरंच नव्हतं, की त्या दिवशी ज्याला त्याला आपला माल विकायचा होता, ते तो मारुतीच जाणे.  एवढं करून नेमका तोच दिवस उघडा.

घरी येऊन सासऱ्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, "मामाजी, बाजाराच्या वाराले कोनाचंच मानूस नाई."

त्यांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. "आपलं हाये ना," म्हणाले.

मी तशीच पारावर परत गेले आणि सांगितलं, बाजाराचा वार आमच्या घराचा, नणंदेच्या नावाचा. आबाजींचा चेहरा पडला. माणूस दुष्ट नव्हता, रीतीला धरून होता. "सूनबाई, दिल्या लेकीचं पानी बापाच्या घरून देत नसतेत," म्हणाले. "ते तिच्या सासरचं काम." खरंच होतं ते. लेक दिली की तिची घागर सासरी भरायची. पण तिच्या नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरी केली होती. तिथे कोण तिच्या नावानं पाणी ओतत असेल? आदल्या वर्षीच्या अखाजीला आमच्या घरी आजा-पणज्यांच्या घागरी भरल्या तेव्हा सासरे उठून गोठ्यात का गेले होते, ते मला तिथे पारासमोर उभ्या उभ्या कळलं. मी म्हटलं,

"घरून कुठं देऊन राह्यलो, आबाजी? रस्त्यावरून देऊन राह्यलो."

आबाजींनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "दे बाई."

पुढच्या बाजाराला आमची भाजी दुसऱ्याच्या गाडीत घालून दिली. नवऱ्यानं आणि मी उजाडायच्या आत खेपा टाकल्या. सासऱ्यांना छकड्यात गवत अंथरून फाट्यावर नेलं, निंबाला टेकवून बसवलं. डाव्या हातात ओगराळं दिलं, खालून मी हात लावला. पहिली आली ती एक तरणी बाई, डोक्यावर रिकामी टोपली. टोपली उतरवून तिनं ओंजळ धरली. सासऱ्यांनी धार सोडली. ती प्यायली, तोंडावर पाणी घेतलं, मान वर करून "बस, बाबा" म्हणाली. त्यांनी पुन्हा ओगराळं बुडवलं. "बस झालं, बाबा," ती म्हणाली. पाणी तिच्या कोपरांवरून मातीत जात होतं आणि सासरे ओततच होते. मी त्यांचा हात धरला नाही.