प्लॅस्टिकची होडी, फायबरचं ठिगळ

माझ्या धाकट्या भावाचा पुढचा दात मी पाडला, आणि तोही एका होडीवरून. बडोद्याला समुद्र नाही, खाडी नाही. इथं होडीवरून एकमेकांची डोकी फोडणारे भाऊ आम्हीच असू. पण आमचं घर समा भागात, नदीकडच्या एका जुन्या सोसायटीत, आणि तेही बैठं. वर मजला नाही. दोन-चार पावसाळ्यांनी एकदा विश्वामित्री उंबऱ्यावर येते आणि ‘केम छो’सुद्धा न विचारता सरळ आत शिरते.

बाबांची उजवी बाजू अर्धांगानं गेली, त्यानंतरच्या पहिल्याच पुरात आम्ही दोघांनी त्यांना उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. गावभर पाणी, बोटी कुठंकुठं पुरणार? आमच्या गल्लीत बोट यायला दुसरा दिवस उजाडला. तोवर पाणी टेबलाच्या फळीखाली चार बोटांवर येऊन थांबलं होतं. मी बाबांचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो आणि ते छताकडे बघत होते. चार बोटं! त्या दिवशी माझं आणि धाकट्याचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं. पुढचा पूर येईल तेव्हा घरात स्वतःची होडी पाहिजे. बाबांना परत टेबलावर ठेवायचं नाही.

एकमत तेवढ्यावरच संपलं.

माझी डभोई रोडला शेड आहे. मी फायबरग्लासचं काम करतो. बागेतल्या घसरगुंड्या, कारंज्यांची कुंडं, तळ्यात फिरवायच्या लहान होड्या. साच्यावर काचेच्या धाग्यांचं मॅट अंथरायचं, त्याला चिकट रेझिन पाजायचं, रोलरनं हवा काढायची, वर परत मॅट. काच कातडीत घुसते, आंघोळ केली तरी खाज जात नाही, पण होडी हातातून निघते. धाकटा पाण्याच्या टाक्यांच्या कारखान्यात. तिथं लोखंडी साच्यात प्लॅस्टिकची पावडर भरतात, साचा भट्टीत गरगर फिरवतात आणि आख्खी टाकी बाहेर काढतात. सांधा नाही, जोड नाही. त्याच भट्टीतून आता होड्या निघायला लागल्या होत्या, आणि त्याला त्याचा भारी माज.

“दादा, तुझं फायबर दगडाला लागलं की तडकतं. प्लॅस्टिक वाकतं आणि परत येतं.”

“आणि भोक पडलं तर? फायबरला मी तासाभरात ठिगळ मारीन. तुझ्या बादलीला कोण शिवणार?”

“पडलं तर ना! आणि पडलंच तर वेल्डिंग होतं, गरम हवेच्या गननं, त्याच प्लॅस्टिकची कांडी वितळवून.”

“वा रे वा. पुरात गन लावणार तू, लाइट गेलेली असताना!”

हे रोजचं. ताटावर बसलो की सुरू. माझी बायको शाळेत शिकवते, ती म्हणायची, वर्गातली पोरं बरी. बाबा ऐकत असायचे. आमचे पूर्वज बडोदे सरकारच्या फौजेत होते आणि त्या फौजेतलं आमच्या घरात फक्त डोकं गरम व्हायचं तेवढं उरलंय, ते बाबांपासून सगळ्यांत. एक दिवस बाबांनी डाव्या हातानं ताट ढकललं आणि म्हणाले, “तोंडाची वाफ बस करा. दोन्ही आणा आणि फोडून बघा. मी बसणार आहे ना त्यात, मग मी बघतो.”

तेव्हा एका रविवारी सकाळी शेडसमोर दोन होड्या पालथ्या घातल्या. माझी पांढरी, त्याची नारिंगी. बाबा चाकाच्या खुर्चीत, मांडीवर शेव-उसळीची प्लेट. मी घण उचलला. पहिला मान माझा, मी मोठा! सगळा जीव काढून त्या नारिंगी पाठीवर हाणला. च्यायला, ते प्लॅस्टिक आत गेलं आणि असं परत आलं की घण उलटा उसळून माझ्याच गुडघ्यावर बसला. मी खाली. धाकटा हसत सुटला, बाबाही हसले. मग त्यानं माझ्या हातातून घण घेतला आणि माझ्या होडीवर एकच घाव घातला. कडकन आवाज झाला. मॅटच्या तीन थरांत पांढरी भेग, वीतभर.

“बघा बाबा, गेली.”

त्याच्या त्या ‘गेली’वर मी उठलो, लंगडत गेलो आणि त्याच्या थोबाडावर बुक्की ठेवली. दात पडला तो तेव्हा. त्यानं माझ्या दंडाला चावा घेतला, मी त्याचं डोकं धुळीत दाबलं, त्यानं माझ्या दुखऱ्या गुडघ्यावर लाथ घातली. पन्नाशीकडे आलेले दोन बाप्ये! प्लेट कधी पडली कळलं नाही. बाबा खुर्चीतून ओरडत होते, आधी “सोडा रे” म्हणून, मग नुसतेच. मी वर पाहिलं तर ते रडत होते. डावा हात हलवत म्हणाले, “मला नको तुमच्या होड्या. तुम्ही एकमेकांना मारणार असाल तर मला टेबलावरच ठेवा. बुडू दे मला.”

आम्ही सुटे झालो. बाबांनी डोळे पुसले आणि निकाल दिला, “धाकट्याची.”

धाकट्याची! त्या संध्याकाळी शेडमध्ये एकटाच थांबलो आणि माझ्या होडीची ती भेग सांधायची सोडून मी घणानं तिचे तुकडे केले. तळहाताएवढाही तुकडा ठेवला नाही. हात रक्ताळले तेव्हा थांबलो. म्हणजे घरात होडी एकच राहिली, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. राग आला की माझ्या डोक्यात काही येत नाही.

नारिंगी होडी आमच्या अंगणात पालथी पडून राहिली. येता-जाता दिसायची. पाऊस सुरू झाला, महिना गेला, आणि एका गुरुवारी दुपारी मी जेवायला घरी आलो तर शेजारचे काका फाटकात उभे. “शुं वात छे, छोटेभाईनी होडी! तुमच्या फायबरपेक्षा मजबूत म्हणतात ही.” एवढंच बोलले बिचारे, आणि निघून गेले. बायको शाळेत, धाकटा कारखान्यात, बाबा आत टीव्ही मोठा करून पडलेले. मी कोपऱ्यातली पहार घेतली. मजबूत काय? पहिला घाव उसळला. दुसरा उसळला. तिसऱ्याला मी पहारीचं टोक एका जागी रोवून अंगाचा सगळा भार टाकला, शिव्या देत देत, आणि पहार तळातून पलीकडे गेली.

तीन बोटं जातील एवढं भोक. मी त्यात तीन बोटं घालून बघितली. बाबा बसणार आहेत यात, रे गाढवा! हे काय केलंस?

शेडवर गेलो, सामान घेऊन परत आलो. भोकाभोवती घासून घासून खडबडीत केलं, दोन्ही बाजूंनी मॅटचे थर दिले, रेझिनमध्ये नारिंगी रंग कालवला, वाळल्यावर कडा पॉलिश पेपरनं इतक्या बारीक घासल्या की बोट फिरवलं तर लागू नये. एवढं सुबक काम मी गिऱ्हाइकाला कधी दिलं नसेल. नखानं उचकटून बघितलं. हललं नाही. रेझिन लाकडाला धरतं, लोखंडाला धरतं, सिमेंटला धरतं. प्लॅस्टिकला धरत नाही हे मला माहीत नव्हतं असं म्हणालो तर खोटं होईल. एका बाईंच्या प्लॅस्टिकच्या टाकीला मी असंच ठिगळ मारलं होतं, ते आठवड्यात खपलीसारखं निघून आलं होतं. पण मी स्वतःला सांगितलं, ते घाईत केलं होतं, हे नीट केलंय. आणि धाकट्याला सांगायचं कसं? शनिवार-रविवार बघू, म्हटलं.

पूर शनिवारी आला. सकाळी नऊला रस्त्यावर, दहाला अंगणात, साडेदहाला खाटेखाली. मातकट पाणी, त्यात कोणाची चप्पल, कोणाचा गॅसचा सिलिंडर गोल गोल फिरत चाललेला. बायकोला आधीच शेजारच्या चार मजली इमारतीत पाठवलं होतं, बाबा मात्र पाणी ओसरेल म्हणत हलायला तयार नव्हते. आम्ही दोघांनी बाबांना चादरीत घालून उचललं. तेव्हा सांगायला हवं होतं मी. बाबांचं वजन हातात, पाणी कमरेला, आणि बोललो असतो तर दुसरा उपाय काय होता? टेबल. मी बोललो नाही.

बाबांना मागच्या टोकाला टेकवून बसवलं. मी धाकट्याला म्हटलं, “तू पुढे बस, वल्हं मार.” म्हणजे मी मधे बसून त्या जागेवर लक्ष ठेवीन. त्यानं ऐकलंच नाही. “तू बस पुढे, तुझ्या दंडात जोर आहे,” म्हणाला आणि स्वतः मधल्या बैठकीवर बसला, पाय घट्ट रोवून. बाबा म्हणाले, “नदीतली मगर आली तर तिलाही बसवा, जागा आहे.” आम्ही तिघंही हसलो. अंगणातून फाटकापर्यंत होडी झक्कास गेली. मला वाटलं, सुटलो.

सोसायटीच्या मोठ्या गेटपाशी रस्त्यावरचा लोंढा आडवा आला. त्यानं होडी उचलून कंपाउंडच्या भिंतीवर आपटली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आपटली आणि धाकटा ओरडला. मी मागं वळलो. त्याच्या पायाखालून पाण्याचा फवारा उडत होता आणि नारिंगी ठिगळ, आख्खंच्या आख्खं, होडीत तरंगत होतं. एक तडा नाही त्याला. बाबांच्या मांडीपर्यंत पाणी आलं. “डबा घे, पाणी काढ!” म्हणत धाकट्यानं बाहेर उडी मारली. त्याचं ओझं गेलं तशी होडी वर आली. पण खाली पाण्यात लोंढ्यानं आडव्या पाडलेल्या गेटचे भाले होते. तो छातीएवढ्या पाण्यात होडीला खांदा लावून ढकलत होता आणि त्याच्याभोवती पाणी लाल होत होतं. मी डब्यानं पाणी उपसत होतो आणि किंचाळत होतो, “वर ये, वर ये!” तो वर आला नाही. इमारतीच्या जिन्याला होडी टेकली, लोकांनी बाबांना ओढून घेतलं, तेव्हा त्यानं हात सोडला. मी त्याला केसांना धरून बाहेर काढलं. मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत फाटली होती, आतलं पांढरं दिसत होतं.

दीड महिन्यानं तो घरी आला, पाय ओढत. डॉक्टर म्हणाले, एवढाच बरा होणार. त्या संध्याकाळी बाबांनी खाटेवरून विचारलं, “काय रे, घणानं नाही फुटली ती. मग भोक कसं पडलं?”

मी तोंड उघडलं. त्याआधीच धाकटा म्हणाला, “प्लॅस्टिकच ते बाबा. गेटचा भाला लागला, फाटलं. दादाचं फायबर घ्यायला हवं होतं.”

बाबांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मला तिथं बसवेना. मी ओट्यावर आलो, मागून तोही पाय ओढत आला.

“खोटं का बोललास?”

“तुला काय वाटलं, मला कळलं नव्हतं? शुक्रवारी सकाळी मी बोट फिरवलं त्यावर. कडा एवढी बारीक अख्ख्या बडोद्यात कोण घासतं? कारखान्यात वेल्डिंगची गन मागितली होती, सोमवारी देतो म्हणाले.”

“मग मला धरून हाणलं का नाहीस?”

“हाणलं असतं. मग तू हाणलं असतंस. मग बाबा परत म्हणाले असते, मला टेबलावर ठेवा, बुडू दे. मी टाच दाबून बसलो होतो रे त्यावर. गेटपर्यंत धरलं.”

मी त्याचा हात ओढून माझ्या थोबाडाशी आणला. “मार. आत्ता मार मला. मार!”

“मारीन. पाय जरा बरा होऊ दे, सोडणार नाहीये मी तुला,” तो म्हणाला. “आत्ता हळू बोल. बाबा ऐकतील.”

मी हळू बोलायला गेलो आणि मला रडू फुटलं. तेही मोठ्यानं.