दिवस गेलेत

असले किस्से वाचून "चल, काहीही!" म्हणणाऱ्यांतली मी. नागपूरला आमच्या गल्लीतल्या चिंचेवर म्हणे कोण कोण बसायचं, मी त्याच चिंचेखाली सायकल लावायचे. त्यात नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची... जे परत करून दाखवता येत नाही त्याला मी बगसुद्धा मानत नाही. हे परत करून दाखवता येणार नाही. तरी लिहितेय.

मी आणि माझा नवरा समीर नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहतो. लग्नाला अकरा वर्षं, त्यातली सहा मूल व्हावं म्हणून ट्रीटमेंटमध्ये गेली. इंजेक्शनं, वाट बघणं, रडणं, परत इंजेक्शनं. मी एकोणचाळीसची झाले तेव्हा डॉक्टरच म्हणाल्या, आता थांबा. थांबलो. सहा वर्षं वाइनला हात लावला नव्हता, म्हटलं, आता कोणासाठी सांभाळायचं? रोज संध्याकाळी ग्लास भरायला लागले. आधी एक, मग दोन... समीर सोबतीला होताच.

जूनमधल्या एका शनिवारी मैत्रिणीकडे, रश्मीकडे, पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा. दुपारचे तीन, बॅकयार्डमध्ये रणरणतं ऊन. मी ग्लास भरला, ओठाला लावणार तेवढ्यात शेजारी एक काकू. सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज — मुलांकडे राहायला आलेल्या सगळ्याच काकू इथे दिसतात तशा.

"ठेव गं तो ग्लास," त्या म्हणाल्या. "दिवस गेलेत आता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! वय काढायला हीच वेळ सापडली?

"माझे दिवस गेलेत की राहिलेत ते माझं मी बघीन, काकू. तुम्ही नका नाक खुपसू!"

त्या चिडल्या नाहीत, उलट हसल्या. "दोन्ही एकच की गं," म्हणाल्या आणि माझ्या हातातून ग्लास काढून टेबलावर ठेवला. त्यांचा हात खरखरीत होता.

मी तरातरा समीरकडे गेले, चल म्हटलं घरी. गाडीत ढसाढसा रडले. घरी येऊन उरलेली बाटली सिंकमध्ये ओतली — निव्वळ रागाने हं, शहाणपणाने नव्हे. नंतर ग्लास हातात घ्यायचाच संताप यायचा. "मग मी एकटा काय पिऊ यार," म्हणून समीरनेही सोडली.

पाच आठवड्यांनी फोडणीच्या वासाने मळमळायला लागलं. टेस्ट पॉझिटिव्ह! क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं ड्रिंक कधी घेतलंत? तारखा जुळवल्या. त्या शनिवारी गर्भ राहून जेमतेम चार दिवस झाले असावेत, त्या दिवशी टेस्ट केली असती तरी निगेटिव्हच आली असती. डॉक्टर म्हणाल्या, बाळासाठी "एवढी चालते" असं प्रमाणच नसतं. मेंदू, हृदय, चेहरा घडायला लागतात तेव्हा कितीतरी बायकांना पत्ताही नसतो. कळल्याक्षणी थांबलं तरी फायदाच, पण तुम्ही कळायच्या आधीच थांबलात. कशामुळे?

मी सांगायला तोंड उघडलं, आणि त्या काकू काय म्हणाल्या होत्या ते मला तेव्हा कळलं. मराठी माझी मातृभाषा हो! पण आशा सोडली की कान पण वाईटच ऐकतात.

गाडीतूनच रश्मीला फोन लावला. "कोण काकू? अगं, त्या दिवशी कोणाचेच आईबाबा नव्हते. आपण बारा जण आणि पोरं." फोटो मागवले. एकात माझ्या हातात ग्लास, पुढच्यात ग्लास टेबलावर. शेजारी कोणी नाही. समीर म्हणतो, तू एकटीच हातवारे करून भांडत होतीस, मला वाटलं ऊन लागलं. त्याचं मत, माझ्या शरीराला माझ्याआधी कळलं असणार. असेल बाबा. पण मग साडीवर स्पोर्ट्स शूज कुठून आले? खरं सांगते, उत्तर शोधायचं मी सोडलंय.

काकू, तुम्ही कोण, कुठल्या, काही माहीत नाही. तुमचे उपकार फेडायचे कसे तेही माहीत नाही. मुलगी झाली. अकरा महिन्यांची आहे, ठणठणीत आहे. तुम्हाला कळवायचं राहिलं होतं.